विद्यावेतन : दान की देणे?

‘विद्यावेतन’ हा शब्द आपण नेहमी वापरतो. पण त्याची फोड करून पाहिली म्हणजे तो चमत्कारिक वाटू लागतो. विद्या ही मिळवावयाची, वेतन हे केलेल्या कामाचे. आपल्या परंपरेत शिष्य गुरूला दक्षिणा देतो; येथे शिकणाऱ्याच्याच हातावर पैसे पडतात. मग हे पैसे कशाचे? रुग्णालयात राबत एम.डी., एम.एस. चा अभ्यास करणाऱ्या निवासी डॉक्टराच्या बाबतीत हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. पैसे शिकण्याबद्दलचे असतील, तर ती देणाऱ्याची मर्जी. कामाबद्दलचे असतील, तर तो घेणाऱ्याचा हक्क. या एका प्रश्नाचा इतिहास आपण येथे पाहू.

आरंभी हा वाद नव्हता. लॉर्ड बेंटिंक यांच्या २८ जानेवारी १८३५ च्या हुकुमाने कलकत्त्यास वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा निवडक विद्यार्थ्यांस दरमहा ७ रुपयांपासून १२ रुपयांपर्यंत देण्याचे सरकारने ठरविले. शवविच्छेदनासारख्या विद्येकडे मुले आपणहून धावत येतील, अशी तेव्हाची स्थिती नव्हती. विद्यावेतन हे त्या काळी मुलांना ओढून आणणारे आमिष होते. त्यात कृपा होती, धोरण होते. हक्क मात्र नव्हता.

पदवीनंतरच्या शिक्षणाची आजची घडी बसली ती अमेरिकेत. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली उघडले. तेथे ऑस्लर आणि हॉलस्टेड यांनी अशी पद्धत घातली की, शिकाऊ डॉक्टराने रुग्णालयातच राहावे, रात्रंदिवस रुग्णांपाशी असावे आणि पायरी-पायरीने जबाबदारी वाढवीत न्यावी. ‘निवासी’ हे नाव त्या राहण्यावरूनच पडले. कनिष्ठांना राहण्याजेवण्याची सोय मिळे. पगार मिळत नसे. जुन्या गुरुकुलाची आठवण व्हावी अशीच ही व्यवस्था होती. पण गुरुकुलातील शिष्य लाकडे आणी. येथील शिष्य माणसे वाचवीत होता. हा फरक लहान नव्हे.

रुग्णालये वाढली, तसे त्यांचे ओझे या शिकाऊंच्या खांद्यांवर आले. मार्च १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या निवासी डॉक्टरांनी कामाच्या तासांसाठी संप केला. दुसऱ्याच वर्षी तेथील नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाने सीडार्स-सायनाय रुग्णालयाच्या प्रकरणात निवाडा दिला की, हे लोक मुख्यतः विद्यार्थी आहेत, कायद्याच्या अर्थाने नोकर नव्हेत. विद्यार्थी ठरताच संघटना करून सौदा करण्याचे कायद्याचे संरक्षण गेले. तो निवाडा फिरावयास १९९९ साल उजाडले. बॉस्टनच्या प्रकरणात त्याच मंडळाने मान्य केले की, माणूस एकाच वेळी विद्यार्थीही असू शकतो आणि नोकरही. २०११ साली मेयो संस्थेने कर टाळण्यासाठी पुन्हा ‘हे विद्यार्थी आहेत’ असे म्हटले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. हक्क मागितला की विद्यार्थी, कर मागितला तरी विद्यार्थी, आणि रात्रपाळी आली की मात्र डॉक्टर! असा हा न्याय होता.

आता आपल्याकडे पाहू. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००० सालच्या पदव्युत्तर नियमावलीने प्रत्येक विद्यार्थ्याला ‘पूर्णवेळ निवासी’ म्हणून काम करण्याचे बंधन घातले. आणि त्याच नियमावलीत, राज्यातील सरकारी महाविद्यालयांत जे विद्यावेतन मिळते त्याच्या बरोबरीचे इतरत्रही द्यावे, अशी तरतूद आली. म्हणजे काम आणि मोबदला यांची सांगड नियमातच घातली गेली. पण नियम झाला म्हणून पैसा पोचतोच असे नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ साली खासगी महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांची पाहणी केली. तीत सुमारे चौथ्या हिश्श्याने विद्यावेतन मिळतच नाही असे कळविले. निम्म्याहून अधिकांनी ते सरकारी दराइतके नाही असे सांगितले. आणि कित्येकांनी तर दिलेले पैसे महाविद्यालय परत घेते, अशी तक्रार केली.

यावर कोणी म्हणेल, उद्या हेच डॉक्टर पुष्कळ मिळवतील. आज शिकताना थोडी झीज सोसली तर काय बिघडले? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पदवीचे मोल आहेच. परंतु उद्याच्या मिळकतीने आजच्या श्रमाचे देणे फिटत नाही. शिवाय ज्याच्या घरी चार पैसे आहेत तोच ही झीज सोसू शकतो. गरिबाच्या मुलाला कर्ज काढावे लागते, नाही तर शिक्षण सोडावे लागते.

मध्यरात्री आपल्या घरचे माणूस घेऊन आपण मोठ्या रुग्णालयाच्या दारात उतरतो, तेव्हा पुढे येतो तो बहुधा निवासी डॉक्टरच. त्या घटकेला तू विद्यार्थी की नोकर, असे आपण त्याला विचारीत नाही. मग महिनाअखेरीसच तो प्रश्न का निघावा? आम्हांला वाटते, विद्यावेतन या शब्दातील ‘विद्या’ ही त्याच्या कमाईची आहे आणि ‘वेतन’ हे समाजाच्या देण्याचे. दान लांबणीवर टाकता येते, देणे टाकता येत नाही.