सत्याहत्तरची अर्धी लाट

निवडणुकीचा विषय निघाला की आमच्या ऑफिसात कोणीतरी म्हणतंच, "कोणीही येऊ दे रे, फरक काय पडतो?" अशा वेळी मला १९७७ चे आकडे आठवतात.

आणीबाणी लागून दीड वर्ष झालं होतं. १८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी अचानक निवडणूक जाहीर केली. मतदान १६ मार्चपासून, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने! विरोधी नेते नुकतेच तुरुंगातून सुटत होते. जॉर्ज फर्नांडिस तर आतच राहिले आणि आतूनच मुझफ्फरपूर जिंकले. जनसंघ, लोकदल, समाजवादी, संघटना काँग्रेस यांनी घाईघाईत जनता पक्षाची मोट बांधली. पक्ष इतका नवा की निवडणूक चिन्हही लोकदलाचं, नांगरधारी शेतकरी.

निकाल ठाऊक आहेच. जनता २९५, काँग्रेस १५४. स्वतः इंदिराजी रायबरेलीत पडल्या. पण गंमत पुढे आहे. उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी काँग्रेसला मिळाल्या शून्य! आणि त्याच वेळी आंध्रात ४२ पैकी ४१. म्हणजे ज्याला आपण देशव्यापी लाट म्हणतो ती विंध्याच्या खाली फारशी उतरलीच नाही. सक्तीच्या नसबंदीचा मार जिथे जास्त बसला, तिथे राग जास्त. आपला महाराष्ट्र बरोब्बर मधे: काँग्रेस २०, जनता १९. हे साधं वाटतं, पण १९७१ मध्ये इथे ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसच्या होत्या!

मतांची टक्केवारी बघा. काँग्रेस ४३.७ वरून ३४.५ वर आली. साधारण नऊ टक्के मतं हलली, तर जागा दोनशेनं घटल्या. विरोधक एकत्र आले हे त्याचं मोठं कारण.

माझ्या मते खरी कमाई मात्र नंतरची. जनता पक्ष आपसात भांडून फुटला आणि १९८० मध्ये त्याच मतदारांनी इंदिराजींना ३५३ जागा देऊन परत आणलं. पिढ्यानपिढ्या एकाच चिन्हावर शिक्का मारायची सवय तोवर सैल झाली होती. अडाणी, गरीब म्हणून ज्यांना शहरात नावं ठेवतात, त्यांनी तीन वर्षांत दोनदा सरकार बदललं, तेही रक्त न सांडता.

मधल्या काळात जनता सरकारनं एक काम नीट केलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं आणीबाणीसाठीचं 'अंतर्गत अशांतता' हे ढिलं कारण काढून 'सशस्त्र बंड' घातलं, आणि मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला. इंदिराजी परत आल्या तरी ही दुरुस्ती तशीच राहिली. त्यानंतर आजवर देशात तशी आणीबाणी पुन्हा लागलेली नाही.