गंजलेल्या सांध्याचे रसायन : प्रस्तावना

अंबाजोगाईच्या माणसाला दूरदर्शनचा मनोरा नवा नाही. प्रक्षेपक, अँटेना, केबल यांविषयी बोलणारे इथे पुष्कळ भेटतात. मनोऱ्याच्या नटबोल्टांविषयी बोलणारे क्वचितच. या विषयात पहिल्यांदाच शिरणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत, कारण इथे रसायनशास्त्र, रेडिओ आणि पान्हा हातात घेणारा कारागीर यांना एकमेकांवाचून पुढे जाता येत नाही.

लोखंडावर लोखंड आवळलेले असते आणि मधल्या फटीत गंजाचा पातळ थर बसतो. मग तो सांधा साधी तार राहत नाही. वीज त्यातून एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने अडखळते. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेनाच्या खड्यावर धातूचे टोक टेकवून याच गुणाने रेडिओलहरी टिपल्या आणि १९०४ साली त्याचे अमेरिकी पेटंट मिळवले. त्यांनी मुद्दाम घडवले ते पत्र्याच्या छपरावर, काटेरी कुंपणावर, ताणाच्या तारांवर आपोआप घडते.

अशा सांध्यावर दोन बलवान लहरी पडल्या की तो तिसरीच तयार करून हवेत सोडतो. मुंबई आकाशवाणीच्या ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्‌झ या मध्यमलहरी घ्या. १०४४ची दुप्पट २०८८. त्यातून ५५८ वजा केले की उरतात १५३०. मुंबईचा प्रक्षेपक या आकड्यावर नाही. तरीही प्रक्षेपकाजवळच्या गंजक्या कुंपणामुळे दोन्ही कार्यक्रम १५३० वर एकमेकांत मिसळून ऐकू येऊ शकतात.

वीजवाहिन्यांची खरखर याची सख्खी नव्हे, चुलत बहीण. तिथे सैल, गंजलेल्या जोडांत बारीक ठिणग्या उडतात. कोरड्या हवेत त्या वाढतात, पाऊस पडला की बहुधा थांबतात. नारायणगावजवळच्या खोडदला, गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ‘जीएमआरटी’ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. आकाशातून त्यांच्यावर पडणारे संकेत इतके क्षीण, की अशी खरखर कमी करणे हाही तिथे संशोधनाचाच भाग ठरतो.

आता उपचार. हिरड्याच्या काढ्यात गंजका खिळा टाकून ठेवा: पाणी काळेनिळे होते आणि खिळ्यावर काळसर थर धरतो. हिरड्यातल्या, तसेच बाभळीच्या सालीतल्या टॅनिनने गंजाशी संयोग करून आयर्न टॅनेट तयार केलेले असते. बाजारातली गंजरोधक द्रावणे याच तत्त्वावर, किंवा फॉस्फोरिक आम्लाने गंजाचे फॉस्फेट करण्यावर चालतात. हे थर पुढचा गंज मंदावतात, पण वीज नीट वाहू देत नाहीत. म्हणून न उघडलेल्या सांध्यावर बाहेरून द्रावण फासले तर वरचा रंग पालटतो, आतला दोष जिथल्या तिथे राहतो.

माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे. रेडिओच्या दृष्टीने दोष आहे तो अर्धवट स्पर्शाचा. सांधा पूर्ण जोडलेला हवा, नाहीतर पूर्ण तोडलेला. जोडायचा असेल तर उघडा, गंज आम्लाने सैल करा, धुवा, वाळवा, टेकणारे पृष्ठ चकचकीत घासा, जस्ताची पूड घातलेला वाहक लेप लावा, नीट आवळा. टॅनिनचे द्रावण त्यानंतर, उरलेल्या बाहेरच्या गंजावर. जोडणे शक्य नसेल तर मध्ये नायलॉनचा वायसर घाला. जस्ताचा मुलामा असलेल्या भागावर आम्ल ओतू नका, ते आधी जस्तच खाते. उच्च ताकदीच्या पोलादी बोल्टनाही आम्ल घातक. त्यातून निघणारा हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. तांब्याची अर्थिंगपट्टी थेट जस्तावर आवळू नका, पावसात जस्त झिजते. आणि प्रक्षेपक बंद केल्याशिवाय मनोऱ्यावर कोणीही चढू नये.

पुढची वाट आपापल्या आवडीने धरावी. रसायनाच्या विद्यार्थ्याने ऑक्साइडांपासून सुरुवात करावी, वायरमनने आवळण्यापासून. दोघांनी मिळून एक काम मात्र जरूर करावे: पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्याच सांध्याचा रोध, मीटरच्या तारा उलटसुलट लावून, दोन्ही दिशांनी मोजावा. दोन आकड्यांत फरक पडला तर त्या सांध्यावर संशय घ्यावा आणि तारखेसह वहीत लिहावे. मराठवाड्याच्या उन्हात कोणता लेप किती वर्षे टिकतो, हे अशा वह्यांतूनच कळेल.