दर्या आणि दऱ्या : मुक्तस्रोत संगणक प्रणालीत मराठी अक्षरांना मिळालेल्या स्थानाचा इतिहास

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या भूगोलात दोन शब्द शेजारी नांदतात. पश्चिमेस मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत पसरलेला दर्या आणि पूर्वेस सह्याद्रीच्या दऱ्या. बोलताना या दोन शब्दांत कोणाचाही गोंधळ होत नाही. लिहिताना मात्र सारा फरक 'र'च्या एका अर्ध्या रूपावर अवलंबून असतो. 'दर्या' लिहिताना रकाराचा रफार 'या'च्या डोक्यावर चढतो, 'दऱ्या' लिहिताना तोच रकार आडव्या वळणाने 'या'ला मागून बिलगतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना ही जोडी शाळेतील व्याकरणात सर्वांनी वाचलेली असते. किनारपट्टीवरील लिखाणात तर या अक्षरावाचून पानही हलत नाही. किनाऱ्यावर, वाऱ्याने, खाऱ्या पाण्यात, साऱ्या बंदरांत, सर्वत्र ते भेटते.

छापखान्यातील खिळ्यांत या रूपासाठी सोय होती. संगणकावर ते कसे आले, कोणी आणले आणि त्यासाठी कोणत्या चर्चा झाल्या, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लिनक्स व तिच्या परिवारातील मुक्तस्रोत प्रणालींपुरतीच येथे मर्यादा घातली आहे. तेथील सुधारणांची चर्चा उघड्यावर होत असल्याने निर्णयामागील कारणे इतिहासाच्या अभ्यासकाला तपासता येतात. बंदिस्त प्रणालींच्या बाबतीत ही संधी सहसा मिळत नाही.

चर्चेची रीत

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्यास असावे, ही त्यामागील भूमिका होती. तिला कायदेशीर रूप देणारा परवाना १९८९ मध्ये आला. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्स हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला व पुढील वर्षी तो याच परवान्याखाली आणला. १९९३ मध्ये डेबियन प्रकल्प सुरू झाला. हा इतिहास अनेकदा सांगितला गेला आहे, त्यामुळे येथे विस्तार करीत नाही.

लक्षात घ्यावयाची बाब म्हणजे या प्रणालीत सुधारणा कशी होते. वापरणाऱ्यास दोष आढळला की तो त्याची नोंद करतो, दुसरा कोणी दुरुस्ती सुचवितो, तिसरा तीवर आक्षेप घेतो आणि त्या भागाची जबाबदारी सांभाळणारा विकासक अखेरचा निर्णय देतो. हुद्द्यापेक्षा पुराव्याला अधिक मान असतो. परंतु या रीतीची एक उणी बाजूही आहे. ज्या दोषाची नोंदच होत नाही, तो दोष त्या प्रकल्पापुरता अस्तित्वात नसतो. मराठीच्या बाबतीत ही उणीव फार जाणवली, असे माझे मत आहे. आपल्याकडे प्रोग्रामर कमी नव्हते. 'हे अक्षर चुकीचे दिसते' एवढे नेमक्या शब्दांत, उदाहरणासह लिहून कळविणारे कमी होते.

एका अर्ध्या रकाराचा प्रवास

युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टंकला त्याच फॉन्टमध्ये वाचता येई. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची अंतर्गत सांकेतिक रचना वेगळी असल्याने एकातील मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. मात्र या फॉन्टांत अर्ध्या रकाराचे वळण हे स्वतंत्र चित्र म्हणून बसविलेले असे. त्यामुळे 'दऱ्या' कागदावर बिनचूक उमटत. म्हणजे जुन्या, अडाणी समजल्या गेलेल्या व्यवस्थेत हे अक्षर सुखरूप होते आणि नव्या प्रमाणित व्यवस्थेत ते अडखळले. ही विसंगती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय लिपींचे संकेतमानक (आयएस १३१९४) स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती. या मानकांत अक्षराच्या चित्राला नव्हे, तर वर्णाला संकेतांक मिळतो. र, हलन्त आणि य एवढेच साठवले जाते. त्यांचे दृश्य रूप कसे असावे हे फॉन्ट आणि प्रणाली ठरवितात. र, हलन्त, य यांपासून रफार तयार होणार, हा सर्वसाधारण नियम. मग मराठीचे दुसरे रूप कोठून आणावयाचे?

इस्कीने त्यासाठी 'ऱ' या नुक्तायुक्त वर्णाचा आधार घेतला. दाक्षिणात्य भाषांतील एका रकाराच्या लिप्यंतरासाठी असलेल्या या वर्णाला हलन्त जोडला की मराठीचे अर्धे रूप मिळावे, असे ठरले. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह 'जे' दाबून हा वर्ण आजही मिळतो. युनिकोडने हा नियम स्वीकारला. परंतु १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून आणखी एक वाट खुली ठेवली. साधा र, हलन्त आणि त्यापुढे 'शून्य रुंदीचा जोडक' हे अदृश्य चिन्ह दिले तरी तेच वळण दिसावे, अशी ही दुसरी वाट.

परिणामी कागदावर एकच दिसणारा शब्द संगणकाच्या पोटात दोन प्रकारे साठवला जाऊ लागला. र आणि नुक्ता हे सुटे टंकले तर तिसरा प्रकार होतो, पण युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमाने तो 'ऱ'मध्ये आपोआप मिसळतो. जोडकाची वाट मात्र 'ऱ'शी कोठेच मिळत नाही. त्यातही गंमत अशी की, अनेक शोधयंत्रणा अदृश्य चिन्हांकडे दुर्लक्ष करतात. जोडक वगळला की उरते र, हलन्त, य, म्हणजे रफार. अशा यंत्रणेत 'दऱ्या' शोधू जाता काही दऱ्या सापडत नाहीत आणि 'दर्या' शोधू जाता समुद्राबरोबर सह्याद्रीही हाती येतो!

हा केवळ तर्क नाही. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी किनारी गावांतील वृद्धांच्या मुलाखती टंकून दिल्या, तेव्हा काहींनी इनस्क्रिप्ट वापरला होता, तर काहींनी रोमन उच्चारांवर चालणारा कळफलक. सर्व मजकूर एकत्र करून 'किनाऱ्या' हा शब्द शोधला असता ज्या मुलाखतीत तो मी स्वतः वाचला होता, तीच निकालात नव्हती. दोष शोधण्यात माझा एक संपूर्ण दिवस गेला.

एकाच पडद्यावर तीन जुळारी

संकेतांक ठरले तरी ते वाचून योग्य आकार जुळविणारी आज्ञावली लागते. छापखान्याच्या भाषेत तिला जुळारी म्हणता येईल. लिनक्सवर असे तीन जुळारी एकाच वेळी काम करीत होते. ग्नोम या दृश्यपटलासाठी 'पँगो', केडीईसाठी 'क्यूटी'चा स्वतःचा भाग आणि ओपनऑफिससाठी आयबीएमकडून आलेली 'आयसीयू'. पँगो हे नाव ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा यांतून बनले आहे. नाव सर्वसमावेशक असले, तरी एकच मराठी परिच्छेद तीन ठिकाणी तीन प्रकारे दिसण्याचा संभव होता, आणि दोष एका ठिकाणी दुरुस्त झाला तरी इतर दोन ठिकाणी तसाच राही.

२००० च्या सुमारास मुंबईत वेंकटेश हरिहरन व प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेला 'इंडलिनक्स' प्रकल्प, तसेच रेड हॅटच्या पुणे येथील कार्यालयातील अभियंते यांनी या काळात भारतीय लिपींसाठी महत्त्वाचे काम केले. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. पुढे त्यांत मराठीची भर पडली. २००७ मध्ये सी-डॅकने डेबियनवर आधारित 'बॉस' ही प्रणाली आणली. नव्या प्रणालीचे उद्घाटन होते, बातमी येते. सामाईक जुळाऱ्यातील चार ओळींच्या दुरुस्तीचे उद्घाटन कोणी करीत नाही. पण जगातील प्रत्येक लिनक्स संगणकावर मराठी सुधारते ती त्या चार ओळींनी.

पँगो आणि क्यूटी यांच्या विकासकांनी २००६ मध्ये समान भाग एकत्र करण्याचे ठरविले. त्यातून 'हार्फबझ' हा सामाईक जुळारी आकारास आला. मूळ इराणचे बेहदाद इस्फहबोद यांनी पुढे तो नव्याने लिहिला. 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे खुले, असे हे फारसी नाव आहे. २०१२ मध्ये पँगोने आणि २०१३ मध्ये लिनक्सवरील लिब्रेऑफिसने तो स्वीकारला. तीन जुळाऱ्यांचे भांडण बहुतांशी मिटले.

'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हा याच प्रश्नाचा पुढचा भाग. हिंदी व मराठी यांची लिपी एक, संकेतांक एक, पण वळण वेगळे. मजकूर मराठी आहे हे प्रणालीला सांगितल्याशिवाय फॉन्टला योग्य आकार निवडता येत नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणे प्रमाण ठरविली. लोहितमध्ये आरंभी मराठीसाठी निराळा फॉन्ट होता. नंतर एकाच देवनागरी फॉन्टमध्ये भाषेनुसार आकार बदलण्याची सोय झाली.

'ॲ'चा प्रवेश

'ॲड.' हे वकिलांच्या नावापूर्वीचे संक्षिप्त रूप लिहिण्यासाठी युनिकोडमध्ये २००८ पर्यंत स्वतंत्र अक्षर नव्हते. 'अ'वर चंद्र द्यावा तर काही प्रणाली मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ दाखवीत. म्हणून अनेकांनी हिंदीचा 'ऍ' वापरला. त्या काळातील मजकुरात तो आजही आढळतो. ५.१ या आवृत्तीत 'ॲ'ला संकेतांक मिळाला. याच आवृत्तीत मल्याळमच्या 'चिल्लु' अक्षरांनाही स्वतंत्र संकेतांक मिळाले. तेही आधी जोडकाच्या साहाय्यानेच लिहिले जात. केरळातील 'स्वतंत्र मलयाळम् कंप्यूटिंग' या गटाने त्यास जाहीर विरोध केला. एकाच अक्षराची दोन रूपे रूढ होतील, हा त्यांचा आक्षेप होता. दर्या आणि दऱ्यांचा अनुभव पाहता त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. मराठीत अशी सार्वजनिक चर्चा फारशी झाली नाही, याचे वैषम्य वाटते.

शब्दांचा वाद

अक्षरांपाठोपाठ शब्द आले. 'फाइल' ठेवावी की 'संचिका' म्हणावे, 'सेव्ह'साठी 'जतन करा' योग्य की 'साठवा', असे प्रश्न अनुवादकांपुढे होते. निरनिराळ्या प्रकल्पांतील शब्द एक असावेत यासाठी २००८ मध्ये 'फ्यूएल' हा उपक्रम हिंदीपासून सुरू झाला व पुढे मराठीसह अन्य भाषांत गेला.

रायगडाच्या परिसराला हा वाद नवा नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ हणमंते यांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरीही आरमाराचा अधिकारी दर्यासारंगच राहिला आणि पुढे कुलाब्याचे आंग्रे सरखेल म्हणूनच ओळखले गेले. बंदर, नाखवा, दर्या हे शब्द फारसीतून आले आणि किनाऱ्याचेच झाले. दरबारातील शब्द आज्ञेने काही अंशी बदलतो. होडीवरचा शब्द होडीवरची माणसे ठरवितात. संगणकाच्या पडद्यावरचा शब्द मला दरबारापेक्षा होडीच्या अधिक जवळचा वाटतो, म्हणून 'फाइल' राखणाऱ्या अनुवादकांशी मी सहमत आहे. 'साठवा' हाही त्याच जातीचा शब्द होय.

काशीद आणि काळ

अखेरीस क्रमाचा प्रश्न. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो 'ल'च्या लगेच पुढे आहे. केवळ संकेतांकांनुसार यादी लावल्यास काळ नदी आधी येते आणि काशीद नंतर. मराठी कोशाच्या रीतीने काशीद आधी यावयास हवे. यासाठी प्रणालीत प्रत्येक भाषेचे स्वतंत्र क्रमनियम द्यावे लागतात आणि वापरणाऱ्याने मराठी ही भाषा निवडलेली असावी लागते. १८८३ च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरमधील स्थळनामांची मराठी सूची आम्ही तयार करीत आहोत. तिच्यातील सर्व अर्धे रकार प्रथम 'ऱ'च्या रूपात आणून घेतले, संगणकाची भाषा मराठी केली आणि मगच यादी लावली. मूळ टंकलेली प्रत मात्र तशीच स्वतंत्र जपून ठेवली आहे. कोणत्या विद्यार्थ्याने कोणत्या वाटेने 'र' लिहिला, हे तीवरून पुढेही पाहता येईल.