फिरंगेला धार कोणी लावली?

ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून मुंबईत आली. राज्य सरकारने तिच्यासाठी ४७ लाख १५ हजार रुपये मोजले. ती आली त्या दिवशी पावसाने मुंबईला असे झोडपले की मोटारसायकलींची मिरवणूकही रद्द झाली. दोन-तीन दिवसांनी पाऊस जरा उघडला तेव्हा मी आणि माझा भाचा घाटकोपरहून प्रभादेवीला, पु. ल. देशपांडे कला अकादमीत, ती बघायला गेलो.

तलवारीच्या पात्यावर, पाठीच्या बाजूला, सोन्याने देवनागरी अक्षरे कोरलेली आहेत. रघुजींचे नाव, सेनासाहेबसुभा हा त्यांचा किताब आणि शेवटी एक शब्द : फिरंग. भाचा वाकून बघत होता. म्हणाला, "मामू, पातं युरोपचं आहे बघा." आवाज जरा मोठा होता. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी आमच्याकडे वळून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "मराठ्यांची तलवार आहे ती." भाचा ओशाळला. खरे तर दोघांचेही बरोबर होते. तलवारीवरच तसे लिहिले होते, मालकाचे नाव आणि पात्याचे कूळ, एकाच ओळीत.

माझे आजोबा तिथे असते तर त्यांनी तिसराच प्रश्न विचारला असता. धार कोणी लावली?

आम्ही शिकलगार. आडनाव ऐकून लोक आम्हाला शिकारी समजतात, काहींना त्यात 'शिकणे' ऐकू येते. मूळ शब्द अरबी आहे, सैकल, म्हणजे धातूला जिल्हई देणे. सैकल करणारा तो फारसीत सैकलगर आणि मराठीच्या तोंडी शिकलगार. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागात हे आडनाव भरपूर सापडेल, बहुतेक मुसलमान. लोहाराने पाते घडवले की ते काळे, खडबडीत असते. ते घासायचे, सरळ करायचे, धार काढायची, उजळायचे, मुठीत बसवायचे आणि मग वर्षानुवर्षे गंजापासून जपायचे, हे शिकलगाराचे काम. कुरुंदाची पूड लाखेत कालवून लाकडी चाकावर चढवली की त्याचे धारेचे चाक तयार. पात्याची शेपटी मुठीत बसवतानाही लाखच उपयोगी पडे.

आता फिरंग. दक्षिणेत पोलादाची काही वाण नव्हती. तेलंगण आणि कर्नाटकातले पोलाद पश्चिम आशियापर्यंत जात होते. तरीही सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांच्या आणि इतर टोपीकरांच्या जहाजांतून युरोपी पाती कोकणच्या बंदरांवर उतरत होती आणि आपले सरदार ती आवडीने घेत होते. कारण साधे होते. ही पाती लांब, सरळ आणि लवचीक असत. वाकली की परत सरळ होत. आपले पोलाद धारेला कडक, पण फार वाकवले तर मोडण्याची भीती. जर्मनीतले झोलिंगन, इटलीतले जेनोवा, स्पेनमधले तोलेदो ही या पात्यांची माहेरे. त्यांच्या कारखान्यांच्या खुणांना इतका भाव होता की त्या खुणांची नक्कल करून स्थानिक पात्यांवर उठवणारेही इथे होते. म्हणजे 'इंपोर्टेड'चे वेड आणि नकली शिक्का, दोन्ही मनीष मार्केटच्या कितीतरी आधीचे आहेत.

नुसते पाते मात्र फिरंग होत नसे. त्याला आपली मूठ लागे. बोटे झाकणारी रुंद परज, मुठीच्या टोकाला दुसऱ्या हाताने धरता येईल असा गज, आणि पात्याच्या बुडाला आधार म्हणून रिवेट मारून बसवलेल्या पोलादी पट्ट्या. युरोपात खुपसण्यासाठी बनलेले पाते इथे घोड्यावरून कापण्यासाठी वापरायचे, म्हणून हा सगळा खटाटोप. शिवाजी महाराजांच्या तलवारींबद्दलही हेच दिसते. कोल्हापूरच्या शस्त्रागारातून १८७५-७६ च्या दौऱ्यात वेल्सच्या राजपुत्राकडे गेलेली, 'जगदंबा' म्हणून ओळखली जाणारी तलवार युरोपी पात्याची आहे आणि त्या पात्यावर येशूच्या नावाची आद्याक्षरे आहेत. महाराजांनी कोकणातल्या सावंतांकडून ३०० होनांना फिरंग घेतल्याची हकीकतही परंपरेने सांगितली जाते. पाते ख्रिस्ती, मालक हिंदू, धार लावणारा बहुधा मुसलमान. कोणाला यात काही वावगे वाटल्याचे निदान जुन्या कागदांत माझ्या वाचनात नाही.

धारेचे मोल किती, हे कळायला एका इंग्रजाची साक्ष आहे. कॅप्टन नोलान हा घोडदळाचा अधिकारी पुढे १८५४ मध्ये क्रिमियात मारला गेला. १८५३ च्या त्याच्या घोडदळावरच्या पुस्तकात निजामाच्या मुलखातल्या एका चकमकीचा किस्सा आहे. निजामाच्या स्वारांनी रोहिल्यांवर केलेले वार इतके भयंकर होते की तलवारी कसल्या आहेत याची त्याने चौकशी केली. निघाल्या त्या इंग्रजांच्याच घोडदळाने मोडीत काढलेल्या जुन्या तलवारी! स्वारांनी त्यांना आपल्या मुठी बसवल्या होत्या, मुठीपासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी धार काढली होती आणि त्या लाकडी म्यानात ठेवल्या होत्या. गोऱ्या शिपायाची तलवार लोखंडी म्यानात राही, कवायतीत दिवसभर आत-बाहेर होई आणि बोथट होई. इथला स्वार ती लढाईतच उपसत असे. पाते तेच, पोलाद तेच. फरक पडला तो धारेने आणि ती धार जपण्याच्या रीतीने. मराठवाडा तेव्हा निजामाकडेच होता, तेव्हा या किश्शातला न दिसणारा माणूस आमच्यापैकी कोणी असेल, असे मी मनाशी धरून चाललो आहे. पुरावा मागू नका.

मग १८७८ चा शस्त्र कायदा आला. तलवारीच राहिल्या नाहीत तर शिकलगार करणार काय? त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, मिरजेत एक नवल घडले होते. फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने हत्यारे सोडून तंतुवाद्ये हाती घेतली आणि त्या घराण्यातून मिरजेचा सतार-तंबोऱ्याचा धंदा उभा राहिला. आडनावही 'सतारमेकर' झाले. आज मोठमोठे गवई ज्या तंबोऱ्यावर सूर लावतात, त्याची जवारी काढताना सुरासाठी घोडीचा माथा हळूहळू घासत नेणारा हात मुळात तलवार घासणाऱ्याचा आहे.

सगळ्यांच्या नशिबी सतार नव्हती. माझे आजोबा, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, घाटकोपरला चिरागनगरात आले ते धारेचे चाक घेऊन. पायाने पेडल मारायचे, चाक फिरायचे, ठिणग्या उडायच्या. शिंप्याच्या कात्र्या, खाटकाचे सुरे, न्हाव्याचे वस्तरे, मराठी आणि गुजराती घरांतल्या विळ्या. बकरी ईदच्या आधी आठ दिवस दारात रांग लागायची. गणपतीच्या आधीही लागायची, नारळ खवायच्या विळ्यांची. त्यांनी आयुष्यात तलवारीला हात लावल्याचे मी पाहिले नाही, पण विळीला धार लावतानासुद्धा ते तिला 'पातं' म्हणायचे आणि अंगठा आडवा फिरवून डोळे मिटायचे.

माझा भाचा अंधेरीला राहतो, संगणकाची नोकरी करतो आणि रविवारी सकाळी काही मुलांबरोबर जर्मन पद्धतीची तलवारबाजी शिकतो. ऑलिंपिकमधली नव्हे, पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीची, दोन्ही हातांनी लांब तलवार धरायची. युरोपात ही विद्या गुरु-शिष्यांच्या साखळीतून तुटून गेली होती. आता जगभरची हौशी मंडळी जुन्या पोथ्या वाचून ती परत उभी करत आहेत. सगळ्यात जुनी ज्ञात पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभीची, इंग्लंडात लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात आहे. तिच्यात एक पाद्री शिष्याला तलवार आणि वीतभर ढाल घेऊन खेळायला शिकवतो आहे. भाच्याने मोबाइलवर ती चित्रे दाखवली तेव्हा मी म्हणालो, "अरे, हा तर फरी-गदगा!" त्याने हा शब्द कधी ऐकला नव्हता. दादा तरुणपणी मोहरमच्या आखाड्यात चामडे मढवलेला गदगा आणि छोटी फरी घेऊन हेच खेळायचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. कोणी म्हणजे मीच.

त्याच्या सरावाच्या तलवारीला फेडर म्हणतात. ही चीज समजून घेण्यासारखी आहे. धार नाही, कडा बोथट आणि जाड. टोक चपटे करून रुंद केलेले किंवा मागे वळवलेले. पाते अरुंद, त्यामुळे खुपसले तर समोरच्याच्या छातीवर कमानीसारखे वाकते. मग वजन कुठून आणायचे? मुठीलगत पाते एकदम रुंद ठेवतात. वजन हाताजवळ राहते, तलवार खऱ्यासारखी चालते आणि टोकाचा फटका कमी बसतो. ही युक्ती आजची नाही, सोळाव्या शतकातल्या चित्रांतही अशीच सरावाची तलवार दिसते. १५७० मध्ये योआखिम मायर याने स्ट्रासबुर्गमध्ये तलवारबाजीचा मोठा ग्रंथ छापला. भाच्याचे ते जणू पाठ्यपुस्तक. हा मायर पोटापाण्यासाठी सुऱ्या बनवायचा! ग्रंथ छापण्यात कर्जबाजारी झाला, ते फेडायला दूर नोकरी धरली आणि तिथे पोहोचताच १५७१ मध्ये वारला. कर्ज बायकोच्या गळ्यात पडले. हे वाचल्यापासून मला तो माणूस परका वाटत नाही.

आपल्याकडे अशी सरावाची हत्यारे नव्हती असे नाही. भाषेतच पुरावा आहे. भाल्याचा सराव ज्या काठीने करायचा ती बोथाटी. टोकाला कापडाचा गोळा, तो रंगात बुडवायचा, ज्याच्या अंगावर डाग तो हरला. फेडरवाल्यांना हे सांगितले तर ते खूश होतील. आपल्याकडे ग्रंथ कमी आणि उस्ताद जास्त. बडोद्याचे जुम्मादादा हे असेच उस्ताद. त्यांचे शिष्य माणिकराव यांनी गुरूचे नाव व्यायाम मंदिराला दिले आणि ते आजही जुम्मादादा व्यायाम मंदिरच आहे. त्याच बडोद्यात मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत काढला. कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळ अजून चालू आहेत. युरोपवाल्यांची साखळी तुटली पण पोथ्या उरल्या. आपली साखळी अजून पुरती तुटलेली नाही, म्हणून तिची किंमत नाही.

बाजारात मात्र तलवारींना तोटा नाही. सत्कारात देतात ती स्टेनलेस स्टीलची, झगमगीत मुठीची. तिच्यात पात्याची मुठीत जाणारी दांडी बहुतेकदा बारीक, कशीबशी जोडलेली असते. जोरात फिरवली तर पाते सुटून समोरच्याच्या अंगावर जाईल. ती भिंतीवर टांगावी. वापरता येतील अशा युरोपी नमुन्याच्या तलवारी भारतातच, देहरादूनला बनतात आणि अमेरिकेत-युरोपात विकल्या जातात. चारशे वर्षांपूर्वी पाती तिकडून इकडे येत, आता इकडून तिकडे जातात.

भाच्याला पोलादी फेडर घ्यायची होती. पैसेही साठवले होते. माझ्या बहिणीने साफ नाही म्हटले. शस्त्राच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची गोष्ट आहे, घरकाम आणि शेतीची अवजारे वगळून. बोथट सरावाची तलवार त्यात कशी बसते यावर भाच्याने तिला बरेच समजावले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "लोकलमध्ये तुझी पिशवी उघडली आणि आत तीन-साडेतीन फुटांची तलवार निघाली, तर आधी तुझं नाव विचारतील की तिची धार बघतील?" भाचा गप्प झाला. मीही. त्यामुळे तो नायलॉनची तलवार घेऊन जातो. पोलादी फेडरी शिकवणाऱ्याच्या घरी असतात, सराव झाला की तिथेच राहतात.

परवा तो आला आणि दादांची कानस मागू लागला. पोलादावर पोलाद आपटले की बोथट कडेलाही खाचा पडतात, खाचेच्या काठावर बारीक काटे उठतात आणि ते हातमोजे फाडतात, कातडी कापतात. दर सरावानंतर ते घासून काढावे लागतात. पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कानस होती, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. पिशवीत तेवढी घेऊन तो अंधेरीला गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामू, कशी घासायची? आडवी की लांबीने?"

मी डोळ्यांसमोर दादांचे हात आणले. लांबीने, म्हटले. मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने. मागे आणताना कानस उचलायची.