चिपमधला प्रोग्राम आणि आदिलाबादचा मतदार

तेलंगणातल्या सॉफ्टवेअरचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९९८ साली उभ्या राहिलेल्या हैदराबादच्या सायबर टॉवर्सपासून सुरुवात करतात. यंत्राच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या एम्बेडेड इंजिनिअरचा पेशा मात्र त्याहून जुना आहे. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातले इलेक्ट्रॉनिक्सचे काम पुढे नेण्यासाठी ए. एस. राव यांच्या पुढाकाराने १९६७ साली हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ईसीआयएल, सुरू झाली. अणुभट्ट्यांची नियंत्रणयंत्रणा बनवणाऱ्या याच कंपनीने १९७९ साली मतदान यंत्राचा नमुना तयार केला. या पेशाचे कारखाने शहरात असले, तरी त्याला शिस्त लावली ती आदिलाबादसारख्या दूरच्या जिल्ह्यांनी, असे माझे मत आहे.

मतदान यंत्राची रचनाच याची साक्ष देते. ते बॅटरीवर चालते, कारण मतदान केंद्रावर वीज असेलच याची खात्री नव्हती. ते हाताळणारे कर्मचारी तंत्रज्ञ नसतात. आदिलाबादमधल्या उटनूरच्या डोंगरातल्या गोंड-कोलाम वस्तीत ते अडले, तर दुरुस्तीला इंजिनिअर येणार नाही. शिवाय त्याचा प्रोग्राम चिपवर एकदाच लिहिला जातो. कार्यालयातल्या सॉफ्टवेअरची चूक पुढच्या महिन्यात सुधारता येते. इथे ती सोय नाही. केरळातल्या परूरमध्ये १९८२ साली हे यंत्र पहिल्यांदा वापरले गेले, पण कायद्यात तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली त्या केंद्रांवरचे मतदान अमान्य ठरवले. तरतूद झाली, चाचण्या झाल्या आणि २००४ साली लोकसभेबरोबर आंध्र प्रदेश विधानसभेसाठीही यंत्रांवर मतदान झाले. आदिलाबाद तेव्हा आंध्रातच होता.

यावर कोणी म्हणेल, आदिलाबादने नुसते बटण दाबले. यंत्र घडवले इतरांनी. पण शेजारच्या निजामाबादेत २०१९ साली काय झाले ते पाहावे. हळदीच्या प्रश्नावर शेतकरी मोठ्या संख्येने उभे राहिले आणि लोकसभेच्या रिंगणात १८५ उमेदवार झाले. जुन्या एम-२ यंत्राची मर्यादा ६४ उमेदवारांची. एका मतपत्रिका युनिटवर १६ नावे मावतात, म्हणून नव्या एम-३ यंत्राला प्रत्येक केंद्रावर १२ युनिटे जोडावी लागली. कागदावरच्या क्षमतेची ही खरी परीक्षा शेतकऱ्यांनी घेतली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: चिपमधला प्रोग्राम मतदाराला दिसत नाही, मग विश्वास कसा ठेवायचा? हा प्रश्न रास्तच होता, म्हणून २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कागदी पडताळणीची यंत्रणा टप्प्याटप्प्याने आणायला सांगितले. वापरणाऱ्याच्या शंकेने इथे यंत्राची रचना बदलली.

तिसरा आक्षेप नोकऱ्यांचा. सरकारी कंपन्यांनी मोजक्यांनाच काम दिले, बाकीच्यांना खासगी उद्योगाने दिले, हे खरे आहे. तरीही चोख, स्वस्त आणि दुरुस्तीविना चालणारे यंत्र करण्याचे कसब शिकायचे तर गरज समोर असावी लागते, आणि ती आदिलाबादेत आहे. इथल्या बाजार समितीत कापसातली ओल मोजणारे मीटर शेतकऱ्याचा भाव ठरवते. कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. मीटरच्या एका टक्क्याच्या चुकीची किंमत शेतकरीच मोजतो. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बासरला २००८ साली ग्रामीण मुलांसाठी तंत्रविद्यापीठ निघाले. तिथल्या आणि सीमेपलीकडच्या किनवट-यवतमाळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी दूरचा विषय शोधू नये. शेतकऱ्याला स्वतः तपासता येईल असे ओलमापक यंत्र करून दाखवावे.