चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटीय प्रतिमादर्शन

शरीराच्या निरनिराळ्या भागांतील रासायनिक संयुगांचे वितरण शस्त्रक्रियेवाचून नकाशारूपाने दाखविणारी पद्धत. प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील हायड्रोजनाची अणुकेंद्रे रेडिओ तरंगांच्या स्पंदांना प्रतिसाद देतात व त्याची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) रासायनिक परिसरानुसार किंचित बदलते. आर्नल्ड, एस्. एस्. धर्मट्टी व पॅकर्ड यांनी १९५१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एथिल अल्कोहॉलाच्या तीन अलग रेषा मिळवून हे ठळकपणे दाखविले. धर्मट्टी यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या संशोधनाचा पाया घातला.

वर्णपट व स्थान यांची एकत्र नोंद करण्याची रीत ब्राउन, किंकेड व उगुरबिल यांनी १९८२ मध्ये मांडली. मेंदूतील अर्बुदात (गाठीत) कोलीनयुक्त संयुगे सामान्यतः वाढतात, तर तंत्रिका कोशिकांची हानी झाल्यास एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट घटते. किरणोपचारानंतर गाठ पुन्हा वाढली की तेथील ऊतक केवळ मृत झाले, हा कठीण निर्णय करताना या प्रमाणांचा आधार मिळतो. परंतु ही संयुगे पाण्याहून हजारो पटींनी विरळ असतात. स्पंदक्रमात थोडी उणीव राहिली, तरी पाणी व चरबी यांचे संकेत त्यांना झाकून टाकतात. असे क्रम रचण्याची साधने दीर्घकाळ प्रत्येक यंत्रनिर्मात्याची वेगळी व बहुधा बंदिस्त होती, त्यामुळे दोन रुग्णालयांतील आकडे ताडून पाहणे अवघड होई. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे विकसित झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पल्सेक या मुक्त प्रणालीत संपूर्ण क्रम वाचता येईल अशा मजकुराच्या फाइलीत लिहितात. ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालविता येते. शरीरात किती ऊर्जा सोडावयाची याची मर्यादा मात्र त्या त्या यंत्राची सुरक्षाव्यवस्थाच सांभाळते.