वैडूर्य : शब्द आणि खनिज

नवरत्नांतील वैडूर्य म्हणजे लसण्या, असे मराठीत सामान्यतः समजले जाते. लसण्या हा मार्जारनेत्राप्रमाणे प्रकाशरेखा दाखविणारा क्रायसोबेरिल होय. तथापि दक्षिण भारतातून रोमकडे जाणारे वैडूर्य हे नव्हे, तर बेरिल होते, असे मानण्यास शब्द आणि दगड या दोहोंचाही आधार मिळतो.

पाणिनीने (४.३.८४) हा शब्द ‘विदूर’ या स्थलनामापासून साधला. महाभाष्यात त्यावर शंका येते, की हे रत्न वालवाय येथे उत्पन्न होते, विदूर येथे त्यावर केवळ संस्कार होतात. व्यापारी वाराणसीस जित्वरी म्हणतात, त्याप्रमाणे वैयाकरण वालवायासच विदूर म्हणत असावेत, हे पतंजलीचे एक समाधान चतुर खरे. पण पटणारे नाही. पालीतील ‘वेळुरिय’ हे रूप पाहता, लोकभाषेतील शब्दास संस्कृत वेश चढविला गेला व व्युत्पत्ती मागाहून शोधली गेली, हेच अधिक संभवनीय दिसते. ग्रीक ‘बेरिल्लोस’ हेही संस्कृत रूपापेक्षा या प्राकृत रूपास जवळचे आहे. जर्मन भाषेत चष्म्यास ‘ब्रिले’ म्हणतात, तो याच शब्दाचा दूरचा वंशज!

प्लिनीने इ. स. ७७ च्या सुमारास लिहिले, की बेरिल भारताबाहेर क्वचितच आढळते. उत्तम बेरिल समुद्रजलासारखे हिरवट असते. कारागीर त्यास षट्कोनी पैलू पाडतात, पण काहींच्या मते ते मुळातच कोनयुक्त असते. हे ‘काही’ बरोबर होते. बेरिलचा स्फटिक स्वभावतःच षट्कोनी असतो, क्रायसोबेरिलचा नसतो. तमिळनाडूतील पडियूरची बेरिलची खाण आणि कोडुमणल येथील उत्खननात मिळालेले बेरिलकामाचे अवशेष या वर्णनाशी जुळतात.

बेरिल हे बेरिलियम व ॲल्युमिनियम यांचे सिलिकेट असून त्याची कठिनता ७.५ ते ८ आहे. पेग्मटाइट खडकांत ते सापडते. भारतात राजस्थान, झारखंड व आंध्र प्रदेश ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत. पाचू हा त्याचाच हिरवा प्रकार. १७९८ मध्ये व्होकलँ यांनी दोहोंत एकच नवे मूलद्रव्य दाखविले. त्याच्या लवणांची चव गोड, म्हणून फ्रान्समध्ये ‘ग्लुसिनियम’ हे नाव दीर्घकाळ चालले. वस्तुतः हे द्रव्य विषारी आहे. शुद्ध बेरिलमध्ये धातू सुमारे ५ टक्केच असतो. अमेरिकेतील युटा राज्यात बर्ट्रंडाइट या दुसऱ्या खनिजाचे धातुक त्याहूनही कमी कसाचे असूनही, १९६९ पासून तेथील खाण जगाचा मोठा पुरवठा करीत आली आहे.